तीन लाख रुपये आणि तीन संस्था: देणगीआधी काय तपासावं?

मुलुंडच्या एका निवृत्त काकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या स्मरणार्थ तीन लाख रुपये द्यायचे आहेत. डोळ्यांसमोर तीन नावं आहेत. पहिली, कॅन्सरग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी सारखी फोन करणारी एक संस्था. दुसरं, कर्जतजवळचा एक अनाथाश्रम, जिथे काकांचे मेहुणे दरवर्षी वाढदिवसाचं जेवण देतात. तिसरी, महापालिकेच्या शाळांत काम करणारी एक मोठी, नावाजलेली संस्था. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मुलीलाही यात आपला वाटा घालायचा आहे. ती म्हणते, तिकडे संस्थांना वेबसाइटवर स्टार दिलेले असतात, ॲडमिनवर किती टक्के खर्च होतो ते बघायचं आणि पैसे पाठवायचे. आपल्याकडे असं काही आहे का, आणि या तिघांपैकी कुणाला द्यावेत?

काका, मी बरीच वर्षं फोर्टमधल्या एका ट्रस्टमध्ये अनुदानाचे अर्ज तपासायचं काम केलं. रोजचं काम म्हणजे हिशेबाची पानं वाचायची, मग संस्थेत जाऊन बसायचं, मग विश्वस्तांना सांगायचं की द्या, देऊ नका, किंवा थोडे देऊन बघा. त्या अनुभवावरून सांगते.

आधी स्टारचं. अमेरिकेत बहुतेक धर्मादाय संस्थांना दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कायद्यानेच लोकांसाठी खुलं असतं. म्हणून २००१पासून ‘चॅरिटी नेव्हिगेटर’सारख्यांना घरबसल्या हजारो संस्थांना गुण देता येतात. आपल्याकडे सगळ्या संस्थांचे हिशेब एका ठिकाणी, एका साच्यात आणि खुले असे मिळत नाहीत. ‘गाइडस्टार इंडिया’वर ज्या संस्था स्वतःहून माहिती देतात त्यांची मिळते. नीती आयोगाचं ‘एनजीओ दर्पण’ आहे, पण तिथला क्रमांक म्हणजे नोंद, संस्थेच्या कामाला मिळालेली पावती नव्हे. लेटरहेडवर तो क्रमांक ठळक छापला, शेजारी अशोकस्तंभासारखं काहीतरी चिकटवलं, की माणसाला वाटतं सरकारने तपासून घेतलंय. तसं काही नसतं.

आणि टक्केवारीबद्दल मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. २०१३मध्ये चॅरिटी नेव्हिगेटर, गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्याच तीन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं. प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था चांगली की वाईट हे ठरवू नका, असं त्यात होतं. ज्यांनी लोकांना टक्केवारी बघायची सवय लावली त्यांच्यातल्याच काहींना हे सांगावंसं वाटलं. त्याचं कारण आपल्याकडच्या ताळेबंदात तर फारच स्वच्छ दिसतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा हिशेब १९५०च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याखालच्या ठरलेल्या नमुन्यांत असतो. शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, शेड्यूल नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. शेड्यूल नऊमध्ये ‘आस्थापना खर्च’, म्हणजे प्रशासनाचा खर्च, असा एक रकाना आहे आणि खाली ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’, त्यात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण, इतर असे पोटभाग. आता समजा धारावीत समुपदेशन करणाऱ्या संस्थेत सात बायका पगारावर आहेत. दिवसभर त्या घरोघरी जातात, पोलीस चौकीत बसतात, कोर्टात जातात. त्यांचा पगार कुठे घालायचा? एक सीए ‘आस्थापना’त घालतो, दुसरा ‘उद्दिष्टांवरील खर्चा’त. काम तेच, बायका त्याच, पैसे तेच. एका कागदावर ॲडमिन सत्तर टक्के, दुसऱ्यावर आठ टक्के. उलट साड्या-घोंगड्या वाटणाऱ्या संस्थेचा आस्थापना खर्च जवळपास शून्य दिसतो, कारण वाटपाला माणूस लागत नाही, टेम्पो लागतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. तेव्हापासून तर कुठला खर्च कुठल्या रकान्यात बसवायचा यावर संस्थांच्या ऑफिसात तासन्‌तास खल चालतो. जो आकडा बसवता येतो त्यावर तुम्ही तीन लाखांचा निर्णय घेऊ नये. शिवाय जी संस्था ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत’ असं छापते तिला विचारा, मग तुमच्या अकाउंटंटचा पगार कोण देतं? कुणीतरी देतंच असतं. त्याचं नाव सांगता आलं तर ठीक.

मग ताळेबंदात बघायचं काय? तीन वर्षांचे एकत्र मागवा. एका वर्षाच्या कागदावरून काही कळत नाही. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर व्हायला हवं. दिवाळीनंतर विचारलंत आणि ‘अजून सीएकडेच आहे’ असं उत्तर आलं, तर आदल्या वर्षीचं मागा. तेही सीएकडे असेल तर पुढे विचारू नका.

सगळे आकड्यांकडे धावतात, मी आधी ऑडिट रिपोर्ट उघडते. १९५१च्या नियमांतल्या नियम १९प्रमाणे ऑडिटरला प्रश्नांची एक ठरलेली यादी भरावी लागते आणि ती वाचायला हिशेब येण्याची गरज नाही. हिशेबवह्या नियमित ठेवल्या आहेत काय, सभा नियमानुसार झाल्या काय, कार्यवृत्ताची वही आहे काय, पाच हजारांच्या वरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या काय. त्यातले दोन प्रश्न सोन्याचे आहेत. एक, कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे काय, म्हणजे त्याच्याकडून संस्थेला येणं किंवा संस्थेकडून त्याला देणं आहे काय. दोन, मागच्या वर्षी ऑडिटरने दाखवलेल्या उणिवा दूर केल्या काय. पहिल्याचं उत्तर ‘होय’ असेल तर ताळेबंदात ‘ॲडव्हान्सेस’खाली रक्कम शोधा. विश्वस्ताने संस्थेला अडचणीत पैसे दिले असतील तर ते कर्ज म्हणून डाव्या बाजूला दिसतं. छोट्या संस्थांत हे सर्रास असतं, त्यात वावगं काही नाही. विश्वस्ताकडूनच पैसे येणं असेल, ते उजवीकडे, आणि तीन वर्षं तोच आकडा असेल, तर मात्र खुर्ची पुढे ओढून बसायचं. संस्थेची गाडी, संस्थेचं भाडं, संस्थेचं छपाईचं काम विश्वस्ताच्या घरातल्याच कुणाकडे जातंय का, हेही विचारा. आयकराच्या ऑडिटमध्ये विश्वस्त आणि त्यांच्या नातलगांशी झालेले व्यवहार वेगळे दाखवावे लागतात, त्यामुळे ‘आम्हाला माहीत नाही’ असं उत्तर टिकत नाही.

दुसरं बघायचं ते ठेवींचं. वर्षभरात उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के खर्च करावेत, पंधरा टक्के शिल्लक ठेवता येतील, असा आयकराचा ढोबळ नियम आहे. त्याहून जास्त साठवायचं तर कशासाठी ते कळवावं लागतं. एक-दीड वर्षाच्या खर्चाइतकी एफडी असणं हे शहाणपणाचं लक्षण. लॉकडाउनमध्ये कार्यकर्त्यांचे पगार ज्यांना देता आले, त्यांना ते अशा गंगाजळीमुळेच देता आले. पण पाच-सहा वर्षांचा खर्च बँकेत पडून आहे आणि इकडे ‘उद्या चूल पेटणार नाही’ असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, तर त्या संस्थेला तुमच्या तीन लाखांची निकड नाही एवढं नक्की.

नोंदणीचे कागद मी मुद्दाम नंतर सांगते आहे, कारण लोक तिथेच थांबतात. मुंबईच्या न्यासाचा क्रमांक साधारण ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होतो; एफ म्हणजे १८६०च्या कायद्याखाली सोसायटी म्हणूनही नोंदलेली संस्था. वरळीला ॲनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढला की विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे कळतं. उताऱ्यावरचे दोन विश्वस्त दहा वर्षांपूर्वीच वारलेले दिसले तर लगेच घाबरू नका. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, पण तो मंजूर व्हायला, विशेषतः कुणी हरकत घेतली असेल तर, वर्षं जातात. अर्ज दिल्याची पोच आहे का, एवढंच विचारा. संस्था कलम आठची, म्हणजे ना-नफा, कंपनी असेल तर तिचे कागद कंपनी खात्याच्या वेबसाइटवर थोडं शुल्क भरून पाहता येतात. आयकराची सवलत चालू आहे की मुदत संपली, हेही आयकर खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून दिसतं. हे सगळं जागेवर असलं म्हणजे संस्था कायदेशीर आहे. चांगली आहे की नाही, याचा तपास इथून सुरू होतो.

आता तुमच्या तिघांकडे येते.

फोनवाल्या संस्थेचं पटकन सांगते, कारण असे फोन मुंबईत घरटी येतात आणि त्यांची पट्टी ठरलेली असते. ‘काका, चार वर्षांचं बाळ आहे, टाटाला ॲडमिट आहे, आज संध्याकाळपर्यंत ऐंशी हजार भरायचेत, तुमच्याकडून दोन हजार झाले तरी चालतील.’ दोन हजार हा आकडा उगाच निवडलेला नाही: दोन हजारांच्या वर रोख दिलं तर करसवलत मिळत नाही, म्हणून तिथपर्यंत माणूस चटकन खिशात हात घालतो. मुलाचा हॉस्पिटलचा फाइल नंबर मागा. मग म्हणा, मी पैसे हॉस्पिटलमध्येच त्या मुलाच्या खात्यावर भरतो. खरं काम करणारी संस्था ‘अवश्य’ म्हणते आणि कुणाला भेटायचं ते सांगते. बाकीच्यांकडून ‘साहेबांशी बोलून सांगते’ असं येतं आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड. तो स्कॅन केल्यावर पैसे देण्याआधी पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा. संस्थेचं नाव न येता एखाद्या माणसाचं किंवा ‘अमुक एंटरप्रायझेस’चं नाव आलं, तर विषय संपला. आणि फोन करणाऱ्या मुलीवर चिडू नका, ती बिचारी पगारावर किंवा कमिशनवर असते. चिडायचं असेल तर तिला ते कमिशन तुमच्या देणगीतून जातं यावर चिडा. ‘जमवलेल्या रकमेतलं किती टक्के फोन करणाऱ्या एजन्सीला जातं’ हा प्रश्न मात्र विचाराच, इथे टक्केवारीला अर्थ आहे.

कॅन्सरच्या मुलांसाठीच द्यायचं मनात असेल तर परळमध्येच सरळ वाटा आहेत. टाटा मेमोरियल गरजू रुग्णांसाठी स्वतः देणग्या घेतं, आणि कुणाला किती मदत लागेल हे तिथले वैद्यकीय समाजसेवक रुग्णाच्या घरची परिस्थिती विचारून ठरवतात. केईएममध्ये पुअर बॉक्स चॅरिटी फंड आहे. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बसलात तर अर्ध्या तासात कळेल की लोक औषधाइतकेच कशाकशासाठी अडतात: बाहेरून आणायला सांगितलेलं इम्प्लांट, एखादी तपासणी, गावी परतायचं भाडं. राहण्याची सोय हा तर टाटाच्या रुग्णांचा सगळ्यात मोठा प्रश्न. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये बिहारचा किंवा विदर्भाचा माणूस मुंबईत राहणार कुठे? नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. जा, बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

याच ओघात एक. मोबाइलवर बड्या खासगी ट्रस्ट रुग्णालयातल्या उपचारांसाठी मदतीची आवाहनं येतात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. २००६पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना चालू आहे. ज्या कुटुंबासाठी आवाहन आहे त्यांनी हा अर्ज केला आहे का, हे आधी विचारा. पुष्कळदा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कधीकधी तुमच्या पाच हजारांपेक्षा हा एक फोन जास्त कामाचा ठरतो.

कर्जतचा आश्रम. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी माणसाची बहुतेक स्मरणार्थ देणगी याच वाटेने जाते आणि सगळ्यात कमी तपासणीही इथेच होते. मेहुणे दरवर्षी जातात, मुलं ओळीत बसून श्लोक म्हणतात, जिलेबी वाढली जाते, फोटो निघतो. त्यांची भावना खरी आहे. पण तुम्ही जेवणाच्या दिवशी जाऊ नका. एखाद्या मंगळवारी, शाळा सुटायच्या सुमाराला, आदल्या दिवशी फोन करून जा.

पहिला कागद मागायचा तो बाल न्याय कायद्याखालच्या नोंदणीचा. २०१५च्या कायद्याच्या कलम ४१प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही नोंदणी लागते, मग तिला सरकारी अनुदान असो वा नसो. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी या नोंदणीच्या जागी चालत नाही, आणि नेमका तोच कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेला असतो. मग विचारा, इथे प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलंय का? तसा आदेश प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये हवा. ‘आम्ही आदिवासी पाड्यावरून मुलं आणतो, आईबाप गरीब आहेत’ असं उत्तर आलं, तर ती मुलं अनाथ नाहीत. ते एक वसतिगृह आहे, ज्याला अनाथाश्रम म्हटल्याने देणग्या जास्त येतात. वसतिगृह चालवणं वाईट नाही, कातकरी-ठाकर मुलांना त्याची गरज आहेच, पण मग तसं म्हणावं, आणि आईबाप जिवंत असताना मूल घरापासून तोडलं जात नाही ना, सुट्टीला घरी जातं ना, हे दाखवावं.

प्रत्यक्ष गेल्यावर मी ऑफिसात कमी बसते. स्वयंपाकघरात जाते. तांदळाच्या पोत्यांशेजारी साठ्याची वही असते. तिची शेवटची नोंद कालची आहे की दोन महिन्यांपूर्वीची, ते दिसतं. मुलींच्या संडास-बाथरूमला आतून कडी लागते का, दिवा चालू आहे का, ते बघते. रात्री मुलींबरोबर कोण झोपतं, ती बाई किती वर्षं आहे, हे तिलाच विचारते. अधीक्षिका तीन वर्षांत चौथी असेल तर कारण शोधायला हवं. मुलांच्या अंगावरचे कपडे त्यांच्या मापाचे आहेत का? नव्या देणगीतल्या सायकली वापरात आहेत की प्लॅस्टिक गुंडाळून ठेवल्यात? आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलींचं पुढे काय होतं, हा प्रश्न संस्थापकांना विचारून गप्प बसायचं. ज्यांनी विचार केलेला असतो ते नावागावासकट सांगू लागतात: हा आयटीआयला गेला, ती पनवेलला नर्सिंग करते, एक जण पळून गेला आणि त्याचं आम्हाला अजून कळलेलं नाही. हे शेवटचं वाक्य ज्यांच्या तोंडून निघतं त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

फेसबुकवर मुलांचे चेहरे, नावं आणि ‘आई सोडून गेली’ अशा कहाण्या टाकणाऱ्या संस्थेला मी सरळ फुली मारते. अशा मुलांची ओळख उघड करायला त्याच कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे. तुमच्या घरातलं मूल असतं तर त्याची गोष्ट तुम्ही अशी चव्हाट्यावर मांडली असती का?

तिसरी, मोठी शिक्षणसंस्था. नावाजलेली म्हणजे चांगली असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या संस्थांना एक गोष्ट परवडते जी आश्रमाला परवडत नाही: आपल्या कामाचा उपयोग होतो का, हे नीट मोजून बघणं. मुंबईतच याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे. ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली मुलगी वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना बाजूला घेऊन रोज दोनेक तास वाचन आणि आकडे शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात त्याची चाचणी घेतली. कुठल्या वर्गाला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी होते. मुलांचे गुण वाढले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने वाढ कमी झाली, पण पुसली गेली नाही, हेही त्यांनी २००७च्या शोधनिबंधात लिहिलं. पुढे २०१९चं नोबेल या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर मिळालं.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं उदाहरण. सायन रुग्णालयातल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. वस्त्यांमध्ये बायकांचे गट बांधले तर बाळंतपणातली काळजी सुधारेल आणि नवजात बाळांचे मृत्यू कमी होतील, अशा कल्पनेवर त्यांनी संशोधकांबरोबर मुंबईतल्या ४८ वस्त्यांत चाचणी केली, निम्म्या वस्त्यांत गट आणि निम्म्यांत नाही. २०१२मध्ये निकाल छापून आला: अपेक्षित परिणाम दिसला नाही. स्वतःच्या कष्टाच्या कामाबद्दल हे चारचौघांत लिहून मोकळं व्हायला छाती लागते. अनुदानाच्या टेबलावर असा कागद आला की माझं मत त्या संस्थेबद्दल वर जातं, कारण पुढचे पैसे कुठे घालायचे नाहीत हे त्यांना कळलेलं असतं.

तुमच्या संस्थेला म्हणून हेच विचारा: गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठला कार्यक्रम बंद केला आणि का? ‘आम्ही अमुक लाख मुलांपर्यंत पोचलो’ हे उत्तर पुरेसं नाही, पोचणं म्हणजे एक वही देणंही असू शकतं. किती मुलं आता वाचू शकतात, आधी किती वाचत होती, आणि हे कुणी तपासलं? आणखी एक: कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेले, पैसे मिळत असताना आमच्या तीन लाखांनी काय होईल? याचं प्रामाणिक उत्तर बहुधा असं असतं की सीएसआरचे पैसे बांधलेले येतात, एवढे टॅब घ्या, एवढ्या शाळा रंगवा. त्यातून कार्यकर्त्याचा पगार वाढत नाही, ऑफिसचं भाडं निघत नाही. तुमच्यासारख्याची अट नसलेली देणगी तिथे कामी येते. हे उत्तर मिळालं तर मी देईन.

माझी निवड विचारता आहात म्हणून सांगते. फोनवाल्यांना काही नाही. कर्जतला बाल न्याय कायद्याची नोंदणी असेल आणि मंगळवारची भेट समाधानाची झाली तर या वर्षी पन्नास हजार, पुढचे पुढच्या वर्षी हिशेब बघून. बाकीचे परळ आणि शाळांची संस्था यांत वाटा. वडिलांना यातलं काय जवळचं वाटलं असतं ते तुम्हालाच माहीत. तिन्हींना सारखे लाख-लाख देऊन टाकण्यात तपासणीचा काही उपयोग झाला नाही असं होतं.

स्मरणार्थ म्हणताना लोकांच्या मनात कायम निधी असतो: मुद्दल तसंच राहावं, व्याजातून दरवर्षी वडिलांच्या नावाने शिष्यवृत्ती. तीन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला एकवीस हजार होतात, आणि महागाईत ते आक्रसत जातात. ज्या संस्थेकडे असे दोनशे निधी आहेत तिथे एक माणूस नुसता त्यांच्या वह्या सांभाळत बसतो. त्यापेक्षा तीन वर्षांत खर्च होऊ द्या. नाव लावायचं असेल तर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे सभागृहातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कैलासवासी फिरत असतात.

मुलीचे पैसे वेगळे ठेवा. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे कायद्याच्या नजरेत तिची देणगी परदेशी योगदान आहे, तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि तीही त्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. तिचं भारतीय नागरिकत्व असतं तर परदेशातल्या पगारातून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी धरली गेली नसती. गोंधळ इथेच होतो. ‘बाबांच्या खात्यात पाठवते, तुम्ही तिकडे द्या’ हा मार्ग अवलंबू नका, संस्थेला नोटीस येऊ शकते. कर्जतच्या आश्रमाकडे एफसीआरए बहुधा नसेलच. शाळांच्या संस्थेकडे असेल तर तिने तिथे द्यावेत. अमेरिकेतली करवजावट हवी असेल तर संस्थेची तिथे नोंदलेली शाखा किंवा मित्रमंडळ आहे का, हे तिने विचारावं, इकडची पावती तिला तिकडे चालणार नाही.

तुमच्या करसवलतीचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत असाल तर देणगीवरची ८०-जीची वजावट मिळतच नाही, तेव्हा त्या शिक्क्यासाठी अडून बसू नका. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांकही बदलतात, लोकांच्या तोंडी मात्र ८०-जीच राहील. जुन्या प्रणालीत असाल तर चेकने किंवा बँकेतून द्या, आणि पावतीवर समाधान मानू नका. संस्थेने देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरल्यावर तिथूनच निघणारं प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे १०-बीई म्हणतात. वजावट त्यावर मिळते. जूनचा पहिला आठवडा उलटला आणि ते आलं नाही तर संस्थेला फोन करा. चेकसोबत दोन ओळींचं पत्र जोडा, त्यात ‘ही रक्कम संस्थेच्या कामासाठी, संस्था ठरवेल तशी वापरावी’ असं लिहा. ‘कॉर्पस’ हा शब्द त्यात येऊ देऊ नका. तो लिहिलात की संस्थेला ते पैसे मुद्दल म्हणून बाजूला ठेवावे लागतात.